न फुटलेल्या मालाची तक्रार

कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाचे प्रमुख एकोणतीस वर्षं एकाच खुर्चीत बसले होते, आणि या एकोणतीस वर्षांत त्यांच्याकडे एकही तक्रार आली नव्हती. कंपनी तोफगोळे बनवायची आणि परदेशी सैन्यांना पुरवायची. गोळा फुटला की गिऱ्हाईक खूश, आणि ज्याच्या अंगावर फुटला तो तक्रार करायला मागे राहत नसे. दोन्ही बाजूंनी इतका निर्वेध धंदा दुसरा नाही, असं प्रमुखांचं प्रामाणिक मत होतं. ऑफिसात त्यांना सगळे निवारणराव म्हणत. नाव टिंगलीने पडलेलं, पण एव्हाना अंगवळणी पडलं होतं. घरी बायकोसुद्धा रागावली की याच नावाने हाक मारी.

तक्रारी नसल्या तरी कक्ष लागतच होता. गुणवत्तेचं प्रमाणपत्र देणारी संस्था त्याशिवाय शिक्का मारत नसे. ही संस्था मूळची कुकर, पंखे आणि बिस्किटं तपासणारी. तिचा नियम सगळ्यांना सारखा: मालावर तक्रारीसाठी फोन नंबर हवाच. म्हणून प्रत्येक गोळ्याच्या बुडाशी एक सुबक पट्टी चिकटवलेली असे. ‘या उत्पादनाने आपले समाधान झाले नसल्यास कृपया आम्हाला कळवा.’ मजकूर निवारणरावांचा. त्यातला ‘कृपया’ त्यांनी जाहिरात विभागाशी भांडून घालून घेतला होता.

निवृत्तीला चार महिने उरले असताना, एका मंगळवारी, सकाळचा पहिला चहा संपून दुसरा यायचा होता तेव्हा तो फोन वाजला.

पलीकडे एक वयस्कर बाई होत्या. दूरच्या देशातल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. बोलणं दोघांनाही परक्या असलेल्या भाषेत चाललं होतं, त्यामुळे दोघंही गरजेपेक्षा जास्त सभ्य बोलत होते. बाईंचं म्हणणं थोडक्यात असं होतं: काल दुपारी त्यांच्या घराच्या छतातून एक गोळा आत आला आणि न फुटता पुढच्या-मागच्या खोलीमधल्या बोळात, फरशीत रुतून बसला. मागच्या खोलीत त्यांचे यजमान दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांना बाहेर काढायचं तर खाट त्या गोळ्याला घासूनच न्यावी लागणार. दुसरी वाट नाही. गल्लीतली माणसं केव्हाच निघून गेली. बाईंनी सात ठिकाणी फोन लावले, कुणी उचलला नाही. शेवटी चष्मा शोधून गोळ्यावरची पट्टी वाचली.

“तुम्ही पहिल्याच रिंगला उचललात,” बाई म्हणाल्या. “फार बरं वाटलं हो.”

निवारणरावांचा ऊर भरून आला. एकोणतीस वर्षं कोरा राहिलेला फॉर्म त्यांनी संगणकावर उघडला.

“खरेदीची तारीख?”

“मी नाही घेतलेला.”

“मग आपल्याला मिळाला कसा?”

“छतातून.”

‘माल मिळण्याचा मार्ग: छत’ असं त्यांनी लिहिलं. दोषाचं स्वरूप: फुटत नाही. तक्रारदाराची अपेक्षा या रकान्यापाशी मात्र ते अडले, कारण यादीत तीनच पर्याय होते: दुरुस्ती, बदली माल, खेदपत्र. बाई म्हणाल्या, तो फुटू नये एवढीच अपेक्षा आहे. ते कशातच बसेना. थोडा विचार करून त्यांनी ‘दुरुस्ती’वर खूण केली. मग पत्ता. इथे त्यांनी सगळ्या वर्षांची हौस फेडून घेतली. घराचा क्रमांक, गल्ली, वळण, समोरची बंद पडलेली लाँड्री, छताचा रंग, मागच्या खोलीचं तोंड कुठल्या दिशेला, सगळं खोदून खोदून विचारलं. माणूस पोचायचा तर पत्ता चोख हवा, असं त्यांनी समजावलं. बाईंनी आभार मानले.

तक्रारीला क्रमांक पडला. एक.

दुपारपर्यंत कंपनीत धावपळ उडाली. कायद्याचं बघणारे वकीलसाहेब वर आले आणि म्हणाले, ही बाई आपली ग्राहकच नाही. ग्राहक ते सैन्य, बाई फार तर अंतिम प्राप्तकर्त्या. ग्राहक नसलेल्याची तक्रार कशी असेल? पुसून टाका. पण संगणक पुसू देईना. नोंदलेली तक्रार एकवीस दिवसांत मिटवायची, नाहीतर प्रमाणपत्र रद्द, आणि प्रमाणपत्र रद्द झालं की निर्यातीचा परवानाही. वकीलसाहेबांनी निवारणरावांकडे असं पाहिलं, जणू गोळा त्यांनीच टाकला होता.

गुणवत्ता विभागाच्या मॅडमना निराळंच दुःख झालं. न फुटणं हा त्यांच्या दृष्टीने कंपनीच्या नावाला बट्टा होता. त्यांनी लेखी कळवलं की दोषाचं कारण शोधण्यासाठी सदर माल मूळ वेष्टनासह परत मागवावा. निवारणरावांनी बाईंना वेष्टनाबद्दल विचारलं. बाई म्हणाल्या, आला तेव्हा वेष्टन नव्हतं.

मग फाईल निर्यात विभागात गेली. तिथल्या साहेबांनी ती दोन दिवस वाचली आणि तोफगोळा परत पाठवणं म्हणजे बाईंनी शस्त्र निर्यात करणं होय, असा निर्वाळा दिला. तेव्हा बाईंनी आपल्या सरकारकडून परवाना काढावा. आपण हे शस्त्र जबाबदार हातांत देत आहोत, त्याचा गैरवापर होणार नाही, असं प्रतिज्ञापत्र जोडावं. एवढं करूनही उपयोग नव्हता, कारण बाईंच्या देशात लढाई चालू होती, आणि जिथे लढाई चालू आहे अशा देशातून शस्त्र आणायला आपल्याकडे सक्त मनाई होती. तिथे पाठवायला मात्र परवानगी होती.

या सगळ्यात निवारणराव नियमाप्रमाणे रोज सकाळी बाईंना फोन करत आणि “आपली तक्रार प्रक्रियेत आहे” असं सांगत. बाई इकडचं तिकडचं बोलत. गोळ्यावर त्यांनी जुनी चादर घातली होती. उघडा बघवत नाही म्हणाल्या. औषध, पाणी, पेज घेऊन दिवसातून वीस-पंचवीस वेळा त्याच्या बाजूने जावं लागे, अंग चोरून आणि श्वास धरून. आता श्वास धरायची सवय झाली होती. यजमान रोज आतून विचारत, आला का गं कंपनीचा माणूस? बाई सांगत, आज निघतोय. निवारणरावांना जेवण गोड लागेना. बायकोने विचारलं तर म्हणाले, एक केस अडकली आहे.

आठव्या दिवशी ते जिना उतरून जुळणी विभागात गेले. वर बसणाऱ्यांपैकी तिथे सहसा कुणी जात नसे. तिथल्या फोरमनबाईंना सगळे ताई म्हणत. तीस वर्षं गोळ्यांना बुडं लावून ताईंच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, “मग अजून पान चौदा वाचून दाखवलं नाहीत तुम्ही?”

माहितीपुस्तिकेचं चौदावं पान. न फुटलेला गोळा निकामी कसा करावा. निवारणरावांच्याच खणात त्या पुस्तिकेची प्रत होती.

“माझ्या सासूबाईंनीसुद्धा केला असता ते वाचून,” ताई म्हणाल्या, “आणि त्यांना तर दिसतही नाही नीट.”

निवारणराव धावतच वर आले. पुस्तिका काढली. पहिल्याच पानावर शिक्का होता: फक्त ग्राहकांसाठी. त्यांनी रीतसर टिपण तयार केलं, की मानवतेच्या भूमिकेतून पान चौदा अंतिम प्राप्तकर्त्या बाईंना देण्यास मंजुरी मिळावी. टिपणावर समिती बसली. मानवता या मुद्द्याला कुणाचाच विरोध नव्हता. फक्त पानाची मालकी ग्राहकाची असल्याने ग्राहकाची संमती घ्यावी, असं एकमताने ठरलं. सोबत संदर्भासाठी तक्रारीचा फॉर्म जोडला गेला. पत्त्यासकट.

ग्राहकाचं उत्तर तीन दिवसांत आलं. इतकं अदबीचं पत्र निवारणरावांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. एक नग सदोष निघाल्याचं कंपनीने आपण होऊन कळवलं, या सचोटीबद्दल सैन्याने आभार मानले होते. पान चौदा देण्याची गरज वाटत नाही, असं म्हटलं होतं. करारातल्या हमीनुसार कंपनीने बदली नग पाठवावा, म्हणजे तो मूळ नग जिथे पोचला तिथेच पोचवण्याची व्यवस्था करण्यात येईल. पत्ता इतका नेमका दिल्याबद्दल संबंधित अधिकाऱ्याचं खास कौतुक होतं.

विक्री विभागाने पत्राची प्रत सूचनाफलकावर लावली. संचालकांनी स्वतः फोन करून सांगितलं, निवारणराव, तुम्ही कंपनीचं नाव राखलंत. बदली नग त्याच संध्याकाळी निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवारणरावांनी ठरल्या वेळी फोन लावला. हे संभाषण गुणवत्तेच्या कारणासाठी ध्वनिमुद्रित केलं जात आहे, असं यंत्राने दोघांनाही ऐकवलं.

“थोडे दिवस कुणा नातेवाइकांकडे जाता येईल का?” त्यांनी विचारलं.

बाई हसल्या. “यांना इथे ठेवून? मग इतके दिवस तुम्हाला कशाला त्रास दिला असता?”

“यांना घेऊन निघायची काही घाई करता आली तर…”

“भाऊ, तुम्ही नीट सांगा. काय झालंय?”

पुस्तिका समोर उघडी होती. पान चौदा. मोठ्या अक्षरात, चित्रांसकट. ते वाचायला दोन मिनिटं लागली असती. निवारणरावांच्या डोळ्यांसमोर ध्वनिमुद्रण आलं, चौकशी समिती आली, निवृत्तीला उरलेले साडेतीन महिने आले. ते दोन मिनिटं गप्प राहिले.

“हॅलो?” बाई म्हणाल्या. “लाइन गेली का?”

“नाही, आहे. आपली तक्रार अंतिम टप्प्यात आहे.”

“बरं झालं. यांना सांगते. उद्या करा हं फोन. तुमच्या फोनचा आधार वाटतो.”

बदली माल गुरुवारी पोचला. ग्राहकाने कळवलं की काम उत्कृष्ट, आणि विशेष म्हणजे बदली नगासोबत मूळ नगही त्याच क्षणी कार्यरत झाला. म्हणजे बदलीही झाली आणि दुरुस्तीही झाली. गुणवत्ता विभागाच्या मॅडमच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांनी हसू दिसलं.

आता फक्त समाधानपत्रावर तक्रारदाराची सही हवी होती. त्यासाठीही नियमात सोय होती: सलग तीन दिवस फोन करूनही तक्रारदाराने काही म्हटलं नाही, तर त्याचं समाधान झालं असं धरावं. निवारणरावांनी तीन दिवस फोन केला. तिन्ही दिवशी रिंग पूर्ण वाजू दिली. तिसऱ्या दिवशी रिसीव्हर ठेवल्यावर ते बराच वेळ त्यावरचा हात काढायला विसरले. मग त्यांनी ‘समाधान झाले’वर खूण केली. एकोणीस दिवस लागले होते. मुदतीच्या दोन दिवस आधी.

पुढे निवृत्तीचा समारंभ झाला. भाषणांत पत्त्याचा उल्लेख तीनदा आला. ताई आल्या नाहीत. मशीन सोडता येत नाही, असा निरोप होता.

आता निवारणराव रोज सकाळी गॅलरीत बसून पेपर वाचतात. अशाच एका सकाळी नवव्या पानावर त्यांना जाहीर नोटीस दिसली. कंपनीच्या निर्यात परवान्याचं नूतनीकरण होणार होतं. कुणाही नागरिकाची हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत सकारण लेखी कळवावी. पाकिटाला तिकीट लावण्याची गरज नाही. त्यांनी नोटीस दोनदा वाचली. बायकोने आतून विचारलं, एवढं काय वाचताय? ते म्हणाले, काही नाही. त्यांच्याकडे कारण होतं, पुरावा होता, पत्ता तर तोंडपाठ होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. नोटिशीच्या शेजारीच शब्दकोडं होतं, अर्ध्याच्या वर सुटलेलं, आणि आडव्यातला सातवा शब्द तेवढ्यात सुचला.

मुदत संपली. देशभरातून एकही हरकत आली नाही, तेव्हा सर्व नागरिकांची संमती आहे असं धरून परवाना आणखी दहा वर्षांसाठी देण्यात आला. नोटीस सगळ्याच पेपरांत होती. पेपर तर तुमच्याकडेही येतो.