आबांचा नवा गुडघा

आमच्या शिवाजी पेठेतले दत्तूआबा भांडायला माणूसच पाहिजे असं मानत नाहीत. नळाला पाणी उशिरा आलं, शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, ढग नुसतेच येऊन गेले, की कट्ट्यावरून आवाज येतो, "ह्ये कुणी ठरीवलं?" तरुणपणी ते पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून खेळायचे. तेव्हा रेफ्रीला विचारायचे, तोच प्रश्न आता जगाला विचारतात.

त्यांचा उजवा गुडघा पार झिजला होता. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून गुडघा बदलायला सांगितलं, तेव्हा मी सोबत होतो.

"बदलायला ती काय सायकलची ट्यूब हाय?" आबा उसळले.

"अख्खा गुडघा काढत नाही, आबा," डॉक्टर म्हणाले. "हाडांची झिजलेली टोकं कापून वर धातूची टोपी बसवतो. मध्ये प्लास्टिकची गादी."

"माझ्या हाडाला टोपी? ह्ये कुणी ठरीवलं?"

विषय बंद झाला तो कैक महिने. मग एके दिवशी स्वतःच मला म्हणाले, "मास्तर, करून टाकूया त्ये. ग्राउंडच्या पायऱ्या चढाय येत न्हाईत. आपली पोरं किती घाण खेळत्यात, जवळनं बघून शिव्या द्यायच्या हाईत."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं केल्यावर दवाखाना दणाणला. "काल पाय फाडलाय आणि आज परेड?"

घरी व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट ताई यायच्या. गडमुडशिंगी गावच्या, शांत स्वभावाच्या. आबांनी गुडघ्याखाली उशी घेतली की त्या काढून टाचेखाली सरकवायच्या. "गुडघ्याखाली ठेवली तर पाय सरळ व्हायचा नाही, आबा."

"उशी माझी, गुडघा माझा, आणि नियम तुझा व्हय?"

जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही हे कळलं, तेव्हा तर ते जेवायचेच थांबले. "तांबडा-पांढरा रस्सा टेबलावर? मी काय हाटेलात आलोय?" भेटायला येणारा प्रत्येक जण कसलं तरी तेल सुचवायचा. त्याला आबा दारातच विचारायचे, "पावणं, बघाय आलाय का इकाय?"

पण व्यायाम एकदाही चुकवला नाही. पाय वाकवताना डोळ्यांतून पाणी यायचं. "घाम हाय त्यो," म्हणायचे. आबांच्या पत्नी शालनकाकी मला हळूच म्हणाल्या, "तोंडानं शिव्या देत्यात, पर ताई गेल्यावर परत एकदा करत्यात." आणि ताई आल्या, की आबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जिना कवा?"

शेवटी ताईंनी जिना शिकवला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. त्याच संध्याकाळी आबा काठी घेऊन दारात उभे. "चला मास्तर."

मी ग्राउंडकडं वळलो. आबा उलटे, गल्लीच्या टोकाला निघाले. तिथं माडीवर हुसेनभाई राहतात, आबांच्या संघाचे गोलकीपर. छातीच्या आजारानं त्यांचं खाली येणं कधीच बंद झालंय. आबा रोज त्यांच्या खिडकीखाली थांबून एका जुन्या मॅचवरून भांडायचे. संघ हरला तो बॅकला खेळणाऱ्या आबांमुळं का गोलकीपरमुळं, हे अजून मिटलेलं नाही.

जिना अंधारा, उभा, धरायला नुसता दोर. मी म्हणालो, "आबा, खालनंच हाक मारा की."

"हाक मारतोय की रोज," आबा पायरीकडं बघत म्हणाले. "त्यो काय म्हणतोय, त्ये आता खाली ऐकू येत न्हाय."

आणि त्यांनी चांगला पाय वर टाकला.

वर पोचेपर्यंत ते घामानं भिजले होते. हुसेनभाई पलंगावर उशांना टेकून बसले होते, नाकाला नळी. आबांना बघून त्यांचे ओठ हलले. मला काही कळलं नाही. आबांनी खुर्ची पलंगाला भिडवली, नवा गुडघा जपत खाली बसले आणि कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

हुसेनभाई थांबत थांबत बराच वेळ बोलले. आबांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.