चहाच्या पाण्यातले मासे

उमेळ्याच्या नरहरींनी सुनेचे मासे एका टबात एकत्र केले, तेव्हा आपण काही बिघडवतो आहोत हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. राधिका कॉलेजला गेली होती. संध्याकाळी बायकोच्या, म्हणजे अनसूयाबाईंच्या, माहेरची मंडळी यायची होती आणि बैठकीच्या खोलीतल्या दोन टाक्यांपैकी एकीत गटारासारखं तपकिरी पाणी होतं. दुसरीच्या काचेवर शेवाळ. बायकोने दोनदा सांगितल्यावर नरहरींनी दोन्ही टाक्या अंगणात नेऊन लख्ख घासल्या.

मासे परत सोडताना त्यांना आठवलं, की ते तपकिरी पाणी म्हणजे कोरा चहा होता. राधिकाने जेवताना सगळं समजावलं होतं. गप्पी माशांची पिल्लं जन्मल्यापासून चहाच्या पाण्यात वाढवली, तर त्यांच्यापर्यंत निळा प्रकाश फारसा पोचत नाही, म्हणून त्यांचे डोळे तांबड्या रंगाला जास्त सरावतात. स्वच्छ पाण्यातल्यांचं वेगळं. हे खरं आहे का, तेच तिला एम.एस्सी.च्या प्रकल्पात तपासायचं होतं. आणि आता टबात सगळे मासे एकाच तोंडवळ्याचे दिसत होते.

 लग्नानंतर राधिकाने शिकावं म्हणून घरात भांडले होते ते नरहरीच.

आधी त्यांनी चहा करायला घेतला. अनसूयाबाईंनी मदत म्हणून सवयीने त्यात साखर आणि आलं टाकलं, तेव्हा तो दोघांनी पिऊन टाकला आणि दुसरा ठेवला. तो निवेपर्यंत नरहरींना तोडगा सुचला. तांबडं ओळखणारे मासे चहातले, निळं ओळखणारे स्वच्छ पाण्यातले. त्यांनी बायकोच्या पाकिटातली एक लाल आणि एक निळी टिकली स्वच्छ टाकीच्या काचेवर आतून चिकटवली आणि एकेक मासा सोडून बघू लागले. लाल टिकलीला टोचणारा चहात, निळीला टोचणारा स्वच्छ पाण्यात. एक मासा कुठेच जाईना. तो शांत स्वभावाचा वाटला म्हणून चहात टाकला.

पाहुण्यांनी माशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी राधिकाने शेवटची चाचणी घेतली. तिचे सर मोबाईलवरून पाहत होते. चहातले मासे सरळ लाल ठिपक्याकडे गेले, स्वच्छ पाण्यातले निळ्याकडे. सर म्हणाले, इतका स्पष्ट निकाल त्यांनी आजवर पाहिला नव्हता. परिसंवादात हाच मांडू. राधिकाने आनंदाने पेढे आणले. नरहरींनी एक हातात घेतला, पण तो तोंडात जाईना.

रात्री जेवताना त्यांनी सगळं सांगून टाकलं, टिकल्यांसकट. अनसूयाबाई आमटी वाढता वाढता थांबल्या.

"म्हणजे तुम्हीच निवडून ठेवले होते?" राधिकाने विचारलं.

"हो. मला वाटलं, ज्याचा तो बरोबर आपल्या घरी जाईल."

"बाबा, मागच्या वेळी मी चाचणी घेतली तेव्हा ते दोन्हीकडे सारखेच जात होते. मला वाटलं, माझंच काही चुकतंय."

 तिने ताटावरून उठून सरांना फोन लावला.  त्यांनी मुदत वाढवून दिली आणि नवी पिल्लं घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितली. राधिका नरहरींशी दोन दिवस कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी मात्र, चहा गाळताना बिनसाखरेचा वेगळा काढायचं काम तिने त्यांच्याकडेच सोपवलं. टाक्या नरहरींच्या खोलीत गेल्या, आणि पाहुणे आले की ते खोलीला बाहेरून कडी घालू लागले.

पिल्लं मोठी झाली. या वेळी चहातल्या माशांपैकी बरेचसे लाल ठिपक्याकडे गेले. सगळे नव्हे. काही हट्टाने निळ्याकडेच गेले, काही मधेच रेंगाळले. राधिकाचे डोळे भरून आले. सर म्हणाले, खरा निकाल असाच वेडावाकडा असतो.

नरहरींना हे मुळीच पटलं नाही. निळ्याकडे गेलेल्या माशांकडे चष्म्यावरून पाहत ते राधिकाला हळूच म्हणाले, "यांचं लक्ष नव्हतं गं. पुन्हा एकदा विचारून बघ."