चिठ्ठी ज्याची त्यानेच काढावी

पोर्ट टॅम्ब्लिन नगरपरिषदेच्या कार्यशाळेत लोखंड कापून आकार देणारं एक मिलिंग मशीन आहे. गेल्या दोन वर्षं चार महिन्यांत त्यावर एकही अपघात झालेला नाही. कोणाचं बोट कापलं नाही, कोणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला नाही. सबंध दक्षिण ऑस्ट्रेलियात इतकं सुरक्षित मशीन दुसरं नसावं. मी या नगरपरिषदेचा सुरक्षा अधिकारी, डेझमंड पॅस्को. हे यश माझं आहे असं मी स्वतः म्हणणार नाही. वार्षिक अहवालात ते छापलेलंच आहे. या काळात मशीन एकदाही सुरू झालं नाही, एवढा तपशील मात्र जागेअभावी राहून गेला.

मशीनच्या मुख्य बटणावर एक लाल चिठ्ठी लटकते. तिच्यावर लिहिलंय, "धोका. सुरू करू नये. मर्व्हिन नॉस्के." दुरुस्तीसाठी मशीनमध्ये हात घालण्याआधी माणसाने आपल्या नावाची चिठ्ठी लावायची आणि ज्याने लावली त्यानेच ती काढायची, हा नियम आमच्याकडे झोपेतून उठवून विचारला तरी कोणीही सांगेल. दुसऱ्याने काढली तर त्याच दिवशी घरी. मर्व्हिनने चिठ्ठी लावली ती नोकरीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी बारा वाजता. एक वाजता निरोपाचा केक कापला. दोन वाजता बायको आणि कॅराव्हॅन घेऊन तो देश फिरायला निघून गेला.

तरी सगळं सुरळीत चाललं होतं. पण सप्टेंबरात धक्क्यावरच्या क्रेनच्या गिअरचे पाच दात उडाले. हिवाळ्यात आमच्या बोटी जमिनीवर असतात आणि शेवंडीचा, म्हणजे लॉब्स्टरचा, हंगाम एक ऑक्टोबरला उघडतो. त्याआधी क्रेनने बोटी पाण्यात उतरवाव्या लागतात. नवं गिअर परदेशातून यायला चौदा आठवडे लागणार होते. आमची फिटर ग्लेनिस ट्रेव्हॉरो म्हणाली, की गिअर ती मिलिंग मशीनवर एका दिवसात कापून देईल. तिच्या नवऱ्याची बोट धक्क्यावर पहिल्या रांगेत उभी होती, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं. अशा ठिकाणी हितसंबंध तपासावे लागतात.

"डेझ, पहिले दोन आठवडे गेले की शेवंडी गेल्या," ती म्हणाली. "मग केव्हने वर्षभर काय करायचं? बोटीत कोंबड्या पाळायच्या?"

"चिठ्ठी आहे."

"दिसतेय मला. दोन वर्षं दिसतेय. मर्व्हिन आत अडकलेला नाहीये ना? मी वाकून बघितलंय."

"नियम वाकून बघण्याबद्दल काहीही म्हणत नाही," मी म्हणालो.

मी मर्व्हिनला फोन लावला. तो वायव्येकडे कुठेतरी मासे धरत बसला होता. "फाडून टाक की रे ती!" तो ओरडला. पण फोनवरून चिठ्ठी काढता येत नाही, हे मी ग्लेनिससमोरच त्याला सांगितलं. आवाज म्हणजे हात नव्हे. तो प्रत्यक्ष यायला निघाला. त्याला पोचायला नऊ दिवस लागले, कारण वाटेत तीन ठिकाणी मासे चांगले लागत होते.

हे नऊ दिवस मी वाया घालवले नाहीत. मशीनची नोंदवही अद्ययावत केली. 'प्रकार' या सदरात आडवं, उभं आणि दोन्ही कामं करणारं असे तीन चौकोन होते. कटर आडव्या दांड्यावर बसतो तेव्हा ते आडवं, वरून खाली येतो तेव्हा उभं, असं ग्लेनिसने सांगून पाहिलं. मी तिन्ही चौकोनांत खुणा केल्या. त्यामुळे एकाच वेळी आमची तीन मशीनं अपघातमुक्त ठरली. मग भाग लिहिले: खांब, टेबल, त्याखालचा गुडघा, काम पकडायचा व्हाइस, गिअरचे दात सारख्या अंतरावर पाडायला लागणारं डिव्हायडिंग हेड. भाग क्रमांक सतरा मोटरच्या झाकणावर सापडला. तो अर्धगोल, तपकिरी आणि अत्यंत कठीण होता. त्याच्यापुढे मी लिहिलं, 'कार्य अज्ञात. हलवू नये.'

मर्व्हिन आला. अर्धी चड्डी, उन्हाने सोललेलं नाक, हातात मासे धरायची काठी. मी त्याला दारातच अडवलं. निवृत्त माणूस म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याला प्रशिक्षणाच्या दाखल्याशिवाय पिवळ्या रेषेच्या आत येता येत नाही.

"दे मग प्रशिक्षण."

"त्यात मिलिंग मशीनवर प्रात्यक्षिक आहे."

"घे की."

"मशीनवर चिठ्ठी आहे."

 मर्व्हिनने ग्लेनिसला विचारलं, "हा असाच होता, की मी गेल्यावर झाला?"

"तेव्हाही असाच होता. तुम्ही होतात तेव्हा कोणी याचं ऐकत नव्हतं."

"चिठ्ठी लावण्यामागचं कारण नोंदवायचं आहे," मी म्हणालो.

"कारण? माझी पेस्टी होती ना मोटरवर गरम होत! मटणाची. मी हात धुवायला गेलो. कोणी मशीन सुरू करून ती पाडू नये म्हणून लावली चिठ्ठी. मग तुम्ही केकला बोलावलंत." त्याने मान लांब करून आत पाहिलं. "अरे, ती बघ! आहे अजून!"

करंजीच्या आकाराची ती पेस्टी म्हणजेच माझा भाग क्रमांक सतरा होता. मी खोडाखोड केली नाही. नोंदवहीत खोडाखोड चालत नाही.

मी लिहीत असताना मर्व्हिनने पिवळ्या रेषेबाहेर उभं राहूनच काठी फिरवली. गळ सुर्रकन गेला, चिठ्ठीत अडकला, आणि चिठ्ठी त्याच्या हातात आली. ग्लेनिसने टाळ्या वाजवल्या. नेम चांगला होता हे मीही मान्य करतो. पण नियमात 'स्वहस्ते' म्हटलंय, 'गळाने' नव्हे. मी नवी चिठ्ठी लिहिली आणि मशीनला लावली.

ग्लेनिस जवळ आली. तिने चिठ्ठी वाचली. "डेझ, ही कोणाच्या नावाची?"

"माझ्या."

"म्हणजे आता तू काढू शकतोस. लाव हात. दोन सेकंदांचं काम आहे."

इथे मला घाम फुटला, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच एखादी गोष्ट केवळ माझ्यावर येऊन थांबली होती. चिठ्ठी काढायची तर मशीन सुरक्षित आहे असं मी लिहून द्यायला हवं. तसं लिहायचं तर मशीन मला कळायला हवं. मी मोठ्या समितीकडे अर्ज पाठवला. समिती नोव्हेंबरात बसते.

चार दिवसांनी कानावर आलं, की मर्व्हिनच्या परसातल्या शेडमध्ये एक जुनं मिलिंग मशीन आहे आणि ते चालू आहे. समज द्यायला मी तातडीने गेलो. मर्व्हिनने बाह्या कोपराच्या वर दुमडल्या होत्या, लग्नाची अंगठी खिळ्याला टांगली होती, डोळ्यांवर चष्मा होता. काम व्हाइसमध्ये हलवून हलवून तपासलेलं. कटर पूर्ण थांबल्यावरच तो ब्रशने लोखंडाचा कीस झाडत होता, हात लावत नव्हता. ग्लेनिस शेजारी उभी राहून दात मोजत होती. मी बेकायदा कृत्याची नोंद घ्यायला पुढे वाकलो. खटकन मशीन बंद झालं.

"गळ्यातला पट्टा काढ आधी!" मर्व्हिन कडाडला. "कटरमध्ये जाईल, गाढवा, आणि मागोमाग तू जाशील!"

पट्ट्याला माझं ओळखपत्र होतं. त्यावर 'सुरक्षा' असं ठळक अक्षरांत छापलेलं आहे. मी तो काढला. "चिठ्ठी माणसाच्या जिवासाठी असते रे," तो जरा शांत होऊन म्हणाला. "तू ती मशीनला टिकली लावल्यासारखी लावून ठेवलीस." मी वहीत 'उद्धट वर्तन' अशी नोंद केली. संध्याकाळी गिअर तयार झालं. छत्तीसच्या छत्तीस दात.

एक ऑक्टोबरला सकाळी सबंध गाव धक्क्यावर आलं, घडीच्या खुर्च्या आणि चहाचे थर्मास घेऊन. ग्लेनिसने क्रेन सुरू केली. केव्हची बोट जमिनीपासून तीन मीटर वर गेली, आणि मी "थांबा!" म्हणालो. परसात जन्मलेल्या गिअरवर मी डोळे झाकून भरवसा ठेवणार नव्हतो. हूक तपासायचा होता. तपासणीआधी नियमाप्रमाणे क्रेनच्या बटणाला माझी लाल चिठ्ठी लावली. मग शिडीने बोटीवर चढलो, केबिनच्या छपरावर गेलो. हूक उत्तम होता. तेवढ्यात दक्षिणेचा वारा सुटला, बोट झोका घेऊन पाण्यावर गेली आणि शिडी समुद्रात पडली.

"ग्लेनिस, खाली घ्या मला!"

"नाही घेता येत. चिठ्ठी आहे."

"अहो, ती माझीच आहे!"

"थांब, वाचते." तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "डी. पॅस्को. हो रे, तुझीच. ये खाली आणि काढ."

धक्क्यावर हसणं सुरू झालं. मी वरून तोंडी परवानगी दिली. ग्लेनिस म्हणाली, आवाज म्हणजे हात नव्हे. मग चहाची सुट्टी झाली, आणि आमच्याकडे चहाची सुट्टी कोणी मोडत नाही. मर्व्हिनने खुर्ची पुढे ओढली आणि नव्या पेस्टीचा कागद सोडला. तिचा वास वरपर्यंत येत होता. मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. उलट तीन कप चहा प्यायलेला होता, आणि त्याची आठवण आता क्षणाक्षणाला होऊ लागली होती.

एक तास चाळीस मिनिटांनी मी ओरडलो, "फाडा ती! नुसता पुठ्ठा आहे!"

"मोठ्याने बोल, डेझ. मागच्यांना ऐकू आलं नाही."

मी मोठ्याने बोललो. बोट पाण्यात उतरली. केव्ह शेवंडीच्या मागे गेला, मी धावत दुसरीकडे गेलो.

आता प्रश्न असा, की ती चिठ्ठी कोणी काढली? दुसऱ्याची चिठ्ठी काढणाऱ्याची नोकरी जाते, म्हणजे ग्लेनिसची जाणार. ग्लेनिसची चौकशी झाली तर मी छपरावरून काय ओरडलो ते कागदावर येणार, म्हणजे माझीही जाणार. म्हणून सखोल तपासाअंती मी असा निष्कर्ष काढला आहे, की चिठ्ठी वाऱ्याने उडाली. अहवालाला दोन साक्षीदार लागतात. धक्क्यावर तीनशे माणसं होती. मर्व्हिनने सही केली. पेस्टीमुळे आपलं लक्षच नव्हतं, असं त्याने शेजारी लिहून दिलं. बाकी दोनशे नव्याण्णव जणांना नेमकं त्याच क्षणी ऊन डोळ्यांवर आलं होतं.

एक ओळ रिकामी आहे. आपण पहिल्या वाक्यापासून इथे हजर आहात. मी वर लटकत होतो तेव्हा हसत होतात, आणि चिठ्ठी काढा असं मध्ये एकदाही म्हणाला नाहीत. आपल्यापेक्षा योग्य साक्षीदार मला मिळणार नाही. 'वरील मजकूर मी पूर्ण वाचला व मला समजला' असं ओळीखाली बारीक अक्षरांत छापलेलं आहे, पण त्याचं मनावर घेऊ नका. आजवर असं जिथे जिथे छापलेलं होतं, तिथे काय वाचून सही केलीत? करा. पेन इथेच आहे.