एक वाजताची घंटा

आधी माफी मागते. एखाद्या माणसावर लिहायचं म्हणजे हात बसलेला हवा, आणि आमच्या घरात माझ्याआधी परीक्षेच्या पेपराशिवाय कुणी काही लिहिलेलं नाही. तोही दोघांनीच लिहिला, आणि त्यातले एक काका नापास झाले. पण मोहिते अण्णांबद्दल दुसरं कुणी लिहील असं मला वाटत नाही, म्हणून मी बसले आहे. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

बेंगळूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दरवर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनावर दोन दिवसांची कार्यशाळा भरते. कुठून कुठून विद्वान येतात. आणि दोन्ही दिवशी बरोबर एक वाजता, कोणीही बोलत असो, सभागृहाच्या दारात देवघरातली पितळी घंटा वाजते. वाजवणारे मोहिते अण्णा, आमच्या विभागाच्या ऑफिसातले असिस्टंट.

गेल्या वर्षी परदेशातले एक मोठे प्राध्यापक सांगत होते, की यंत्राला माणसासारखा विचार करायला आता फक्त एकच गोष्ट कमी आहे. "आणि ती म्हणजे..." असं ते म्हणाले आणि घंटा वाजली. ते थांबले. घंटा थांबली की पुढचं बोलतील म्हणून आम्ही पेन धरून बसलो. घंटा थांबेना. शेवटी त्यांनीच हात जोडले आणि आम्ही जेवायला उठलो. ती एक गोष्ट कोणती, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

"अण्णा, सव्वाला वाजवा की," विभागप्रमुख मॅडम त्या दिवशी काकुळतीला आल्या होत्या.

"नाही मॅडम. ऊटा एकला." ऊटा म्हणजे कानडीत जेवण.

"निदान भाषण तरी संपू द्या!"

"भाषण कधी संपतंय काय मॅडम? ते थांबवावं लागतंय."

अण्णांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी आहे, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. "आमचे पूर्वज घोड्यावर बसून बेंगळुरात आले," ते सांगतात. "मी बसमध्ये बसून इथल्या इथे बेळ्ळंदूरला जातो. ते आधी पोचले असते."

कार्यशाळेचं सगळं अण्णा करतात. पाहुण्यांना यशवंतपूर स्टेशनवरून आणणं, खुर्च्या लावणं, माइक बघणं. शेवटची रांग ते मांडतच नाहीत. "मागे बसायला खुर्ची असली तर माणूस मागेच बसतो," हे त्यांचं संशोधन. सकाळी दारात ते स्टीलचा मोठा डबा घेऊन उभे राहतात आणि प्रत्येकाचा मोबाइल त्यात टाकून घेतात. प्राध्यापकांचाही. सगळ्यात आधी स्वतःचा. "यंत्राला लक्ष द्यायला शिकवताय म्हणे," ते म्हणतात. "सरी. आधी माणसांनी द्या." सरी म्हणजे ठीक आहे.

गळ्यात घालायचे नावाचे बिल्ले ते स्वतःच्या हाताने लिहितात. छापलेल्या नावात माणूस दिसत नाही, असं त्यांचं मत. त्यांच्या स्वतःच्या गळ्यात मात्र मी कधी बिल्ला बघितला नाही. "मला कोण शोधणार? ज्याला पाहिजे तो हाकच मारतो."

आणि पत्रं. कार्यशाळेला देशभरातून लेख येतात, थोडे घेतले जातात, बाकीचे परत. दोन्ही प्रकारची पत्रं मॅडमच्या मजकुरावरून अण्णाच पाठवतात. त्यातून त्यांनी एक नियम काढला आहे. "पहिली ओळ बघायची, पुट्टी. 'आनंद' असला तर घेतलं. 'आभार' असले तर संपलं. खाली वाचायचं कामच नाही." पुट्टी म्हणजे लहानगी, ते मला तसंच म्हणतात.

नकाराच्या पत्राखाली मात्र अण्णा मॅडमना न विचारता स्वतःची एक ओळ घालतात: 'तरी ऐकायला या. जेवण चांगलं असतं.'

ही ओळ मला माहीत आहे, कारण कॉलेजातल्या माझ्या पहिल्या वर्षी ती मलाच आली होती. मी निपाणीकडची, सीमाभागातली. वडील टेलर, आई विड्या वळते. मी कसाबसा एक लेख पाठवला, तो परत आला, आणि हे आपलं काम नव्हे म्हणून मी होस्टेलवर बॅग भरायला घेतली. मग ती शेवटची ओळ वाचली. खरं सांगते, जेवणासाठीच गेले. दारात अण्णांनी माझ्या नावाचा बिल्ला तयार ठेवला होता. वळणदार अक्षर, नावाखाली कॉलेजचं नाव. माझं नाव असं कुणी सावकाश लिहिलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. तो बिल्ला गावी आमच्या देव्हाऱ्याशेजारी आईने टांगला आहे. बॅग मी परत रिकामी केली.

तेव्हापासून मी कार्यशाळेच्या कामात अण्णांच्या हाताखाली. काम करताना ते मला सारखे विचारत, "तुमच्यात 'लवकर ये'ला काय म्हणतात? आम्ही 'बेगा ये' म्हणतो. तुमच्यात रागावताना कानडी येतंय काय मराठी?" मला वाटायचं, गावंढळ म्हणून चेष्टा करतात.

गेल्या पावसाळ्यात आलेले लेख लावताना त्यांनी विचारलं, "ह्यावर नावं का नसतात?"

मी सांगितलं, की तपासणाऱ्याला लेखक कोण ते कळू नये म्हणून. नाव बघून मन बदलतं.

"शिक्षण पण कळत नाही?"

"नाही."

"नोकरी?"

"काहीच नाही अण्णा. नुसता लेख."

"सरी," म्हणून ते चहाचे थर्मास धुवायला गेले. सगळे थर्मास धुऊन, पुसून, उपडे घालून परत आले. मग माझ्यासमोर मोबाइल ठेवला.

मोबाइलमध्ये त्यांच्या आईचे फोन होते. अण्णा कामावर असताना आई रोज एक वाजता फोन करायची, आणि मोबाइल ते बोलणं आपोआप साठवून ठेवायचा. अण्णांनाही ते फार उशिरा कळलं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी त्यातलं एक बोलणं ऐकवलं. म्हातारा, खणखणीत आवाज: "ऊटा झाला काय रे? अजून नाही? कोण बोलतंय अजून? थांबव की त्याला! स्वल्प खाऊन घे आधी."

घंटा कुणाची, आणि एकलाच का, ते मला तेव्हा कळलं.   अण्णांनी कार्यशाळांतून उरलेल्या वह्यांचा गठ्ठा काढला.

बोललेलं लिहून देणाऱ्या एका यंत्राला त्यांनी आईचे सगळे फोन ऐकवले होते. यंत्र अर्ध्या जागा कोऱ्या सोडत होतं. अण्णांनी प्रत्येक फोन वहीत उतरवला होता. डावीकडे आई काय बोलली, उजवीकडे यंत्राने काय लिहिलं. "बघ पुट्टी. नुसती मराठी कळते. नुसती कानडी कळते. आई एकातून दुसऱ्यात वळली की हे पडतंय. सरळ रस्त्यावर नाही, वळणावर पडतंय." दारात उभं राहून इतकी वर्षं भाषणं ऐकणारा माणूस बोलत होता. बारावीनंतर वडील गेले म्हणून कॉलेज सुटलेला.

"भावाची मुलं जे. पी. नगरला असतात," वह्या सारख्या करत ते म्हणाले. "चांगली आहेत. इंग्रजीत बोलतात. आई बोलायची ते ह्या यंत्राला कळेना, आणि घरात आता मला सोडून कुणाला कळेना."

बेळ्ळंदूरच्या एका संस्थेची बोलणं समजणाऱ्या यंत्रांवरच कार्यशाळा होती; तिथे लेख पाठवायचं ठरलं. अण्णांच्या वह्यांवरून मी तो इंग्रजीत लिहिला, आकडे पुन्हा तपासले, बाकी सगळं त्यांचं. ऑफिसच्या ईमेलवरून पाठवला तर ओळख पटेल म्हणून ईमेल माझा दिला. निकालाची तारीख नेमकी आमच्याच कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी आली.

त्या सकाळी अण्णांनी डबा पुढे केला. मी मोबाइल मागे धरला. "अण्णा, आज तरी..."

"टाक."

टाकला. अकराच्या सुमारास डबा गुरगुरला. डब्यात शंभरभर मोबाइल; कुणाचा ते कळायला मार्ग नाही. अण्णा दारात उभे, नजर व्यासपीठावर, आणि हाताने डब्याचं झाकण घट्ट दाबलेलं. मला त्या दिवशीचं एकही भाषण आठवत नाही.

एकला घंटा वाजली. जरा जास्तच वेळ वाजली. अण्णांनी सगळ्यांचे मोबाइल दिले, पानं वाढली, शेवटच्या माणसाला भात गेला का ते बघितलं, आणि मग हात पुसत माझ्याकडे आले. "आलं काय?"

आलं होतं. मी न वाचताच मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तळहाताने खालचा मजकूर झाकला आणि पहिली ओळ वाचली. ती अशी होती: 'आपण आमच्याकडे लेख पाठवलात, याबद्दल आभार.'

त्यांनी मोबाइल परत दिला. "सरी, पुट्टी. तू जेव. मी ताक बघतो."

ते वळलेसुद्धा. मी पुढची ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि सगळ्या पंगतीसमोर ओरडले, "अण्णा, थांबा! त्यांची पत्रं वेगळी असतात! आभार मानूनही घेतात ते! दुसऱ्या ओळीत आहे!"

अण्णा ताकाचा जग घेऊन तसेच उभे राहिले. मी इंग्रजी वाचून दाखवलं. ते ऐकत होते, पण चेहऱ्यावर काही दिसेना. मला वाटलं, नीट ऐकू गेलं नाही.

"इंग्रजी नको," ते हळूच म्हणाले. "आपल्यात सांग."

मी धीर केला, आणि फोनमधल्या त्यांच्या आईने जसं सांगितलं असतं तसं सांगितलं.

"अण्णा, घेतले की हो तुमचा लेख! बेगा या म्हणतात. ऊटा पण आहे."