जाळीला टेकू नये

चष्मेवाल्याची बायको दातांच्या डॉक्टरांबरोबर पॅडल खेळायला लागली, तेव्हापासून दुकानातल्या तपासणीच्या तक्त्यावरही त्याला डॉक्टरच दिसत होते.

"अहो, एकदा डॉक्टरांचा खेळ बघाच," ती जेवताना म्हणाली. "काय नजर आहे माणसाची!"

नजर! आणि हे चष्मेवाल्याच्या घरात! त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रविवारी दुकान बंद ठेवून तो मैदानावर हजर.

पॅडल म्हणजे टेनिसचंच भावंड, पण मैदान म्हणजे पिंजराच. मागे काच, बाजूला तारेची जाळी. टप्पा पडून चेंडू काचेवर आपटला तर शहाण्यासारखा परत येतो. जाळीचा मात्र नेम नाही. आणि इथली इतकी सैल, की चेंडू तिथेच मान टाकायचा. समोरच्या दोघी वकील बहिणी मुद्दाम डॉक्टरांच्या बाजूच्या जाळीवरच मारत होत्या.

चष्मेवाला नेमका त्या जाळीबाहेर उभा होता. बायको डॉक्टरांच्या कानात काहीतरी बोलली. याने तारांत बोटं अडकवली, पोट टेकवलं, नाकही टेकवलं. चेंडू आला, जाळीवरून टणकन उडाला, आणि डॉक्टरांनी तो आरामात मारला.

"वाऽ डॉक्टर!" बायको ओरडली.

प्रत्येक "वाऽ" सरशी हा आणखी रेटायचा. बाजू बदलल्या, तसा हाही धावत पलीकडे गेला. बायकोला क्षणभर नजरेआड होऊ देईल तर शपथ! डॉक्टर जिंकले.

"जिंकले कसले?" थोरली वकीलबाई तणतणत आली. "हे गृहस्थ टेकले की जाळी ताठ होते! टेका बघू. आता सोडा." तिने दोनदा चेंडू मारून दाखवला. एकदा उडाला, एकदा मेला.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर जाळीचे चौकोन उमटले होते.

"म्हणजे ही सगळी तुमची करामत?"

"मग! बाहेरून ही तऱ्हा, आत असतो तर बघायला नको!"

"मग पुढच्या रविवारी तुम्हीच या माझ्या जोडीला."

आठवडाभर तो शीळ घालत चष्मे पुसत होता.

रविवारी पहिला चेंडू जाळीवर आला आणि मेला. दुसरा मेला. पाचव्याला बायकोने कपाळावर हात मारला. बाहेर डॉक्टर उभे होते, जाळीपासून चांगले चार हात लांब.

"डॉक्टर," चष्मेवाला जाळीपाशी येऊन कळवळून पुटपुटला, "जरा टेका ना!"

"टेकलो असतो हो," डॉक्टर म्हणाले, "पण आत माझी बायको कुठे आहे?"