चव्वेचाळीस पानांचे सुलभीकरण

ज्ञानाचा दरवाजा सर्वांसाठी उघडा असला पाहिजे, याबद्दल आजवर कोणत्याही विद्यापीठात दुमत झालेले नाही. मतभेद होतात ते दरवाजा उघडायचा कोणी आणि तोवर बाहेरच्यांनी बसायचे कुठे, एवढ्यावरच. आमच्या विद्यापीठाने हे दोन्ही प्रश्न एकाच ठरावात निकाली काढले. ‘पाठ्यसाहित्य सुलभता कक्ष’ स्थापन केला आणि त्याच्या बाहेर एक बाकडे ठेवले. मी या कक्षाचा सदस्य-सचिव. स्थापनेपासून विद्यापीठातील सुलभता शंभर टक्क्यांनी वाढली आहे, असे आमचा अहवाल सांगतो. (कशाच्या तुलनेत, ते सांगत नाही. अहवाल सुटसुटीत असावा असा आमचा आग्रह असतो.)

बाकड्यावर पहिल्यांदा येऊन बसली ती समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी. तिला जन्मापासून दिसत नाही. वर्गात तिला वकिलीणबाई म्हणतात, कारण ती प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत जागची हलत नाही. सोबत तिचा मामा होता. तो बस चालवतो आणि त्या दिवशी पाळी बदलून आला होता.

“सर, ‘सामाजिक विषमते’च्या नोट्स साइटवर टाकल्यात ना, त्या मी उघडल्या,” ती म्हणाली. “माझा कॉम्प्युटर मला मजकूर वाचून दाखवतो. तर तो चव्वेचाळीस वेळा नुसतं ‘चित्र’ म्हणाला आणि गप्प बसला.”

“म्हणजे एकही पान गहाळ नाही,” आमचे अध्यक्ष समाधानाने म्हणाले.

वस्तुस्थिती अशी, की या नोट्स तात्यांच्या. तात्या म्हणजे आमचे सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक. नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी त्या स्वहस्ते लिहिल्या आणि त्यानंतर विषमतेत विशेष फरक पडला नसल्याने बदलल्या नाहीत. साइटवर टाकायच्या वेळी त्यांच्या जावयाने मोबाइलवर पानोपानी फोटो काढले. पान सपाट राहावे म्हणून जावयाने ते अंगठ्याने दाबून धरले होते, त्यामुळे प्रत्येक फोटोत अंगठा आला आहे. जावई कर्तव्यदक्ष आहे, हे कोणीही मान्य करील.

“मामाला वाचून दाखवायला सांगायचं होतंस,” मी सुचवले.

“बघितलं ना मी,” मामा म्हणाला. “मला ते दिसतंय साहेब, पण दिसून काही उपयोग नाही. मुंग्या शाईत बुडून चालल्यासारखं अक्षर आहे.”

“एवढा एकच पेपर राहिलाय सर,” ती म्हणाली. “तो निघाला की शाळेत शिक्षिकेची जागा मिळतेय. शाळा उघडेपर्यंत ते थांबणार आहेत, नंतर नाही.”

अशा वेळी भावनेच्या आहारी न जाणे हे कक्षाचे पहिले कर्तव्य. आम्ही नियम पाहिला. नियम स्वच्छ होता: ‘पाठ्यसाहित्यातील प्रत्येक चित्रास वर्णन जोडावे.’ पाने ही चित्रे आहेत असे खुद्द तिचाच कॉम्प्युटर म्हणत होता, तेव्हा वादाला जागाच उरली नाही. चित्रांचे वर्णन कोणी करावे, तर ज्याला चित्रातले कळते त्याने. कलाविभागातून चित्रकलेच्या मास्तरांना तात्पुरत्या नेमणुकीवर आणले.

मास्तरांनी जीव ओतून काम केले, हे नमूद केलेच पाहिजे. नमुन्यादाखल:

पान तीन: ‘पिवळसर कागदावर निळ्या शाईचे दाट विणकाम. डावीकडे अंगठा, पुरुषी, आत्मविश्वासपूर्ण.’

पान अकरा: ‘मध्यभागी चहाचा अर्धवर्तुळाकार डाग, उगवत्या सूर्याची आठवण करून देणारा. मजकूर डागाला वळसा घालून जातो.’

पान एकोणतीस: ‘अंगठ्यावर पट्टी. दुखापत किरकोळ असावी.’

विद्यापीठाच्या इतिहासात इतके वाचनीय पाठ्यसाहित्य पूर्वी झाले नसावे. अध्यक्षांनी ते घरी नेऊन सौभाग्यवतींना वाचून दाखवले. पान एकोणतिसाला त्या हळहळल्या.

चार दिवसांनी वकिलीणबाई पुन्हा बाकड्यावर.

“सर, त्या पानांवर लिहिलंय काय?”

आम्ही मास्तरांकडे पाहिले. मास्तर निष्कपट माणूस. “बाळ, मी बघतो. वाचत नाही,” ते म्हणाले. “वाचायला लागलं की रेषेकडचं लक्ष उडतं.”

तिने लेखी तक्रार दिली. इतरांना मजकूर मिळतो आणि मला अंगठा, ही विषमता आहे, असे तिचे म्हणणे. मला तिचा राग आला. एवढे करूनही पोरीचे समाधान नाही! खरे सांगायचे तर थोडी लाजही वाटली, पण ती कामकाजाच्या वेळेत होती म्हणून मी ती आवरली.

आता उपाय दोनच होते. पहिला, मजकूर टाइप करून तिला देणे. त्यासाठी आम्ही सगळे तात्यांकडे गेलो. तात्यांनी पान हातात घेतले, लांब धरले, जवळ धरले, चष्मा पुसला, पान उलटे करून पुन्हा सुलटे केले. मग म्हणाले, “मजकूर फार प्रगल्भ आहे. टाइप केला तर कोणीही वाचेल.” परवानगी नाकारण्यात आली.

दुसरा उपाय बिनखर्चाचा होता आणि त्याला कोणाच्याच परवानगीची गरज नव्हती. विषमता दूर करायची असेल तर सर्वांना सारखेच मिळाले पाहिजे. तेव्हा साइटवरून नोट्स काढून टाकल्या आणि सर्व विद्यार्थ्यांसाठी फक्त वर्णने ठेवली. ठराव एकमताने मंजूर झाला. (एक सदस्य डुलक्या घेत होते, त्यांची मान तीनदा होकारार्थी हलली.)

गदारोळ होईल म्हणून आम्ही बाहेर आणखी दोन बाकडी टाकली. कोणी फिरकले नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी मीच वर्गात जाऊन चौकशी केली. पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “नोट्स काढल्या? आधी होत्या का सर?” त्याच्या मागची मुलगी म्हणाली, “आम्ही कुठे उघडतो, सर! वकिलीणबाई उघडायची.”

अशा रीतीने, अंध आणि डोळस विद्यार्थ्यांमधील अंतर संपूर्ण नाहीसे करणारे आम्ही पहिलेच विद्यापीठ ठरलो.

परीक्षा झाली. ‘सामाजिक विषमतेची कारणे उदाहरणासह स्पष्ट करा.’ सगळ्या वर्गाने पुरवण्या मागून घेतल्या आणि भरून दिल्या. तात्या उत्तरे वितीने मोजतात, त्यामुळे सगळा वर्ग पास झाला. वकिलीणबाईने लेखनिकाला सांगून दीड पान लिहून घेतले. उदाहरण म्हणून तिने आमच्याच कक्षाची हकीकत दिली होती. बाकडे, मास्तर, तात्या, आमचा ठराव, सगळे क्रमवार. तात्यांनी ते दोनदा वाचले असावे, कारण शेरा विचारपूर्वक होता: ‘उत्तर मुद्देसूद. परंतु नोट्सना धरून नाही.’ ती दोन गुणांनी नापास झाली. पुढे शाळा उघडली. ती जागा त्यांनी दुसऱ्या कोणाला दिली.

निकालाच्या दिवशी मामा तिला न्यायला आला होता. मी जिन्यात समोर आलो तेव्हा तिने पावलांवरून ओळखले आणि विचारले, “सर, आता तरी कळलं का हो, त्या पानांवर काय होतं?”

मी बैठकीची वेळ झाल्याचे सांगून निसटलो.

आम्हाला ते कळलेले नाही. एकाही बैठकीत कोणी विचारले नाही. आणि वाचकहो, तुमच्याबद्दल मला आदर वाटतो तो याचसाठी. तुम्ही इथवर आलात, अंगठ्याला हसलात, तात्यांना नावे ठेवलीत, पोरीबद्दल हळहळलात; पण त्या चव्वेचाळीस पानांवर लिहिले होते काय, हे तुम्हालाही एकदा विचारावेसे वाटले नाही. कक्षात एक सदस्य कमी आहे. उद्यापासून रुजू व्हा.