क्रूमची मान हलली

नेव्याना सकाळच्या बसनं बहिणीकडे सिलिस्त्राला निघाली आणि जाताजाता दारातच तिनं नवऱ्याची शिकवणी घेतली.

"दुपारची गोळी रिकाम्या पोटी घे. मग थोडं थांबून भाज्यांचं सूप. मांस, दही, चीज, सगळं रात्री. आणि संध्याकाळी खाली बिल्डिंगची मीटिंग आहे. मागं बसायचं आणि कुणी काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" क्रूम म्हणाला.

"बाळ असतास तर ऐकलं असतंस."

क्रूम जन्मभर डॅन्यूब नदीकाठच्या रुसेच्या बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला माणूस. वॅगनच्या वॅगन तो अंड्यासारख्या अलगद खाली ठेवायचा. पार्किन्सन झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यानं नेव्यानाला शपथ घातली होती, की बिल्डिंगमध्ये कुणालाही कळता कामा नये. लोकांनी आपल्याला हात धरून जिना चढवावा, ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. तेव्हापासून त्याचा सगळा दिवस गोळी, जेवण आणि व्यायाम यांच्या भांडणात जायचा. तिघांची तोंडं तीन दिशांना.

त्या दिवशी त्यानं व्यायामापासून सुरुवात केली. लिफ्ट बंद होती, त्यामुळे जिना उतरणं हा व्यायाम आपोआपच झाला. खाली आल्यावर चालायचं म्हणून तो चालत राहिला आणि चालत चालत कोपऱ्यावरच्या कबाबच्या टपरीशी पोहोचला. या आजारात त्याचं नाक कधीच गेलं होतं, वास येत नव्हता. पण धूर दिसत होता.

भरपेट कबाब आणि वर दोन ग्लास ताक झाल्यावर त्याला गोळी आठवली. धापा टाकत घरी येऊन त्यानं ती घेतली आणि खुर्चीत बसला. गोळी काही चढेना. पोटात मांस पुढं आणि गोळी त्याच्यामागं रांगेत उभी, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. क्रूम लाकडासारखा ताठ होत गेला. मीटिंगची वेळ होत आली तसा त्याचा धीर सुटला. गोळी जास्त झाली की अंग आपलं आपण हलायला लागतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण त्यानं आणखी एक गोळी घेतली आणि कठड्याला धरून कसाबसा खाली गेला.

मीटिंग जिन्याखालच्या मोकळ्या खोलीत होती. तळमजल्यावरच्या स्लाव्काबाई मधोमध उभ्या होत्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंसमोर बिल्डिंगमधले बाप्येसुद्धा गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे बसायचे.

"वसंत ऋतूपासून या बिल्डिंगला व्यवस्थापक नाही," त्या म्हणाल्या. "कोण होतंय?"

सगळे आपापले बूट बघायला लागले. नेमक्या त्याच वेळी रांगेतल्या दोन्ही गोळ्या हातात हात घालून पुढं सरकल्या. आधी क्रूमचा खांदा हलला, मग मान. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दुसऱ्या कुठल्या देशात हे चाललं असतं. पण आम्हा बल्गेरियन लोकांत मान आडवी हलली की हो, आणि उभी हलली की नाही.

"क्रूम!" स्लाव्काबाई म्हणाल्या. "शाब्बास रे!"

क्रूमनं घाईघाईनं मान वर फेकली. पण आडवी मान थांबलेली नव्हती, त्यामुळे दोन्ही मिळून एक गरगरीत गोल झाला.

"बघा, उत्साह किती आहे!" पहिल्या मजल्यावरचा तरुण वकील ट्रायको म्हणाला. "क्रूमकाका, लिफ्टवाल्यांच्या मागंही तुम्हीच लागाल ना?"

"नाही, नाही," क्रूम म्हणाला. पण आजारानं त्याचा आवाजही खाल्ला होता, ते त्याच्या कॉलरलाच ऐकू गेलं. मान मात्र सगळ्यांना दिसत होती.

"तळघराच्या किल्ल्या?"

मान हलली.

"जिन्याची रंगरंगोटी?"

पुन्हा हलली. टाळ्या पडल्या. आणखी थांबलो तर गच्चीवरची कबुतरंही आपल्या गळ्यात पडतील, हे ओळखून क्रूम उठला आणि दाराकडे सुटला. पण दार आलं की त्याचे पाय जमिनीला चिकटायचे, हा या आजाराचा आणखी एक आहेर. उंबऱ्याशी तो खिळला. तोल सावरायला त्यानं चौकट धरली आणि कशीबशी मान मागं वळवली.

घरी जायला उठलेली मंडळी जागच्या जागी थांबली. दारात क्रूम वाट अडवून उभा. आजारानं त्याच्या चेहऱ्यावरचं हसू-रडू सगळं पुसून टाकलेलं, त्यामुळे तो चेहरा न्यायाधीशाचा दिसत होता.

"लिफ्टदुरुस्तीच्या वर्गणीचा ठराव झाल्याशिवाय हे कुणाला सोडणार नाहीत," मागून कुणीतरी पुटपुटलं.

सगळ्यांनी ट्रायकोकडे पाहिलं. मी लिफ्ट वापरतच नाही, मग वर्गणी का देऊ, असं म्हणून त्यानंच आजवर घोडं अडवलं होतं.

"काका, असे बघू नका हो," ट्रायको म्हणाला. क्रूम बघतच राहिला. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. "बरं बाबा, देतो! कुठं सही करू?"

ठराव झाला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे क्रूमनं जमिनीवर मनातल्या मनात एक रेघ ओढली, पाय उंच उचलून ती ओलांडली आणि तो निघून गेला.

"काय रुबाब आहे!" मागून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी नेव्याना परतली, तोवर फाटकातच तिचं अभिनंदन झालं होतं. घरात येऊन तिनं एकच प्रश्न विचारला.

"काय खाल्लंस?"

क्रूमनं सगळं सांगितलं. नेव्याना बोलायचं ते सगळं बोलली आणि मग हळूच म्हणाली, "आता खरं सांगून टाक. दुसरा मार्ग नाही."

स्लाव्काबाई बाल्कनीत लाल मिरच्या भाजून सोलत होत्या. क्रूम समोर उभा राहिला. हे वाक्य त्यानं आजवर कुणालाही म्हटलं नव्हतं.

"बाई, मला पार्किन्सन आहे. काल मी हो म्हटलं नव्हतं. मान आपली आपण हलत होती."

"ठाऊक आहे," स्लाव्काबाईंनी मिरची सोलली. "माझ्या भावाला होता. तुझी चाल बदलली तेव्हाच कळलं. काल गोळी जास्त झाली होती, तेही दिसत होतं."

"आणि बाकीच्यांना?"

"ट्रायकोनं तर मलाच विचारलं होतं, क्रूमकाकांच्या आजाराचं हे कितवं वर्ष म्हणून."

क्रूमचा चेहरा ढिम्म होता, पण आत भडका उडाला. "माहीत होतं आणि तरी माझ्या गळ्यात घातलंत? आजारी माणसाला फसवता?"

"दुसऱ्या कुणाची मान हललीच नाही, त्याला मी काय करू?" स्लाव्काबाईंनी सुरी खाली ठेवली. "आता आजारी म्हणून सोडायचं असेल तर सोडते. सांगते सगळ्यांना, क्रूमला आता काही जमत नाही. सांगू?"

क्रूमनं हात पुढं केला.

"किल्ल्या कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

घरी जाऊन त्यानं गोळी घेतली, तेवढ्यात जिन्यातून ट्रायकोची हाक आली.

"अहो व्यवस्थापक! माझ्या न्हाणीघराच्या छतातून पाणी गळतंय! येताय का?"

क्रूम बाहेर आला, कठड्यावरून वाकला आणि उरलासुरला आवाज गोळा करून सगळे मजले ऐकतील इतक्या जोरानं ओरडला, "येतो अर्ध्या तासानं! आत्ताच पार्किन्सनची गोळी घेतलीय, ती चढू दे!"



"अर्धा तास?" ट्रायको खेकसला. "तोवर माझं छत खाली येईल! मागचा व्यवस्थापक बरा होता!"